एचआयव्ही रक्तात, मग बिघडतं पोट का?

"डॉक्टर, हा आजार रक्तातला ना? मग पोट का बिघडतं?"

एचआयव्हीसह जगणारे रुग्ण आणि त्यांच्या घरचे हा प्रश्न इतक्या वेळा विचारतात, की त्यावर एकदा सविस्तर लिहायचं बरेच दिवस मनात होतं. प्रश्न अगदी रास्त आहे. तपासणी रक्ताची, सीडी४ रक्तात मोजायचं, व्हायरल लोडही रक्तातलाच. मग मधेच आतडं कुठून आलं?

एका वाक्यात उत्तर द्यायचं तर, एचआयव्हीचा पहिला आणि सर्वांत मोठा घाव आतड्यावरच बसतो, रक्तात दिसतं ते त्याच्या मागून. पण हे उत्तर डॉक्टरांना स्वतःलाच मिळायला वीस-पंचवीस वर्षं लागली. ती वर्षं कशी गेली हे कळलं, की तुमच्या गोळ्यांबद्दल, पाण्याबद्दल आणि शौचाच्या तपासणीबद्दल आम्ही एवढे हट्टी का असतो तेही कळेल. म्हणून आजचा लेख थोडा इतिहासाचा. शेवटी कामाच्या गोष्टी आहेतच, पण मधलं गाळू नका.

फुप्फुसांचा आजार आणि पोटाचा आजार

एड्सची गोष्ट बहुतेक पुस्तकांत ५ जून १९८१ या दिवशी सुरू होते. अमेरिकेच्या सरकारी साप्ताहिक अहवालात त्या दिवशी लॉस एंजेलिसमधल्या पाच तरुणांची माहिती छापून आली. पाचही जणांना न्यूमोसिस्टिस नावाचा एक अतिशय दुर्मिळ न्यूमोनिया झाला होता. पुढच्या काही महिन्यांत कापोसी सार्कोमा या त्वचेवरच्या कर्करोगाचे रुग्ण सापडत गेले. त्यामुळे अमेरिकी डॉक्टरांच्या मनात या आजाराचं जे चित्र उभं राहिलं ते फुप्फुसांचं आणि त्वचेचं होतं. जुलाब होते, पण यादीत खाली कुठेतरी.

त्याच सुमारास हैती या कॅरिबियन देशात वेगळंच दिसत होतं. पोर्ट-ओ-प्रिन्स या राजधानीत ज्याँ विल्यम पाप नावाचे डॉक्टर लहान मुलांच्या जुलाबावर काम करत होते. साखर-मिठाचं पाणी, म्हणजे आपली जलसंजीवनी, पाजून त्यांनी तिथल्या रुग्णालयातले बालमृत्यू झपाट्याने खाली आणले होते. (हेच औषध १९७१ मध्ये डॉ. दिलीप महालनबीस यांनी बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलराच्या रुग्णांना पाजलं होतं. त्या गोष्टीवर पुन्हा कधीतरी.) मुलांचे जुलाब आटोक्यात येत होते, आणि पापांच्या दारात मोठी माणसं येऊ लागली. धडधाकट तरुण, महिनोन्‌महिने जुलाब, अंगावरचं मांस झडत चाललेलं आणि नेहमीच्या कोणत्याही औषधाला दाद नाही. १९८२ मध्ये पाप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गेस्किओ ही संस्था सुरू केली. एड्सवर काम करणाऱ्या जगातल्या सर्वांत जुन्या संस्थांपैकी ती एक. म्हणजे एका देशात हा आजार छातीच्या डॉक्टरांनी पकडला आणि दुसऱ्या देशात जुलाबाच्या डॉक्टरांनी.

तिसरी जागा युगांडातली. व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी, टांझानियाच्या सीमेजवळ, राकाई जिल्ह्यात कासेन्सेरो नावाचं कोळ्यांचं गाव आहे. मासे, मालवाहतूक आणि बरीचशी चोरटी आयात-निर्यात यांवर गाव चालायचं. १९८२ च्या सुमारास तिथली माणसं वाळून मरू लागली. आधी ताप, मग न थांबणारे जुलाब, मग नुसता हाडांचा सापळा. व्यापारात फसवलेल्या सीमेपलीकडच्या लोकांनी करणी केली, असं गावात अनेकांनी धरलं होतं. आपल्याकडेही वर्षभर खंगत जाणाऱ्या माणसाबद्दल असंच बोललं जायचं, अजूनही कुठे कुठे बोललं जातं. तिथल्या लोकांनी या आजाराला नाव दिलं 'स्लिम', म्हणजे बारीक होण्याचा आजार.

युगांडाचे डेव्हिड सर्वाड्डा, नेल्सन सेवानकाम्बो आणि त्यांचे सहकारी त्या गावांत गेले, रुग्ण तपासले, रक्ताचे नमुने घेतले. ऑक्टोबर १९८५ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा निबंध आला. स्लिमच्या रुग्णांमध्ये एड्सच्या विषाणूचा संसर्ग आहे हे त्यात स्पष्ट झालं होतं. तरीही लेखकांनी स्लिमला एक नवा, वेगळा आजार म्हटलं. अमेरिकेतल्या एड्सशी त्याचं चित्र जुळत नव्हतं ना! इथे कापोसीचे डाग कमी, जुलाब आणि खंगणं जास्त. आजार तोच होता, हे उमगायला आणखी थोडा वेळ गेला.

त्याच महिन्यात मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकाच्या बांगी या राजधानीत जागतिक आरोग्य संघटनेची एक कार्यशाळा झाली. आफ्रिकेतल्या बहुतेक दवाखान्यांत एचआयव्हीची रक्ततपासणी उपलब्ध नव्हती. मग एड्स ओळखायचा कसा? तिथे जमलेल्यांनी प्रयोगशाळेशिवाय वापरता येईल अशी व्याख्या बनवली. तिच्यात प्रमुख लक्षणं तीन: वजनात १० टक्क्यांहून जास्त घट, महिन्याहून जास्त काळ जुलाब, महिन्याहून जास्त काळ ताप. यांतली दोन आणि जोडीला एखादं दुय्यम लक्षण असलं की एड्स धरायचा. डोळे, हात आणि वजनकाटा एवढ्यावर निदान. या व्याख्येवर टीका पुष्कळ झाली आणि ती बरोबरही होती, कारण क्षयरोगाचा साधा रुग्णही तिच्यात बसू शकतो. पण जुलाब पहिल्यांदा यादीच्या वरच्या ओळीत आले ते बांगीमध्ये, हे विसरता येत नाही.

आपल्याकडची सुरुवात

भारतात एचआयव्ही पहिल्यांदा सापडला तो १९८६ मध्ये, तेव्हाच्या मद्रासमध्ये. मद्रास मेडिकल कॉलेजच्या डॉ. सुनीती सोलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी निर्मला यांनी वेश्याव्यवसायातल्या स्त्रियांच्या रक्ताचे नमुने जमवले, वेल्लोरला नेऊन तपासले आणि त्यांतले काही पॉझिटिव्ह निघाले. या सुनीतीबाई माहेरच्या गायतोंडे. चेन्नईत स्थायिक झालेल्या मराठी व्यापारी घराण्यातल्या. १९९३ मध्ये त्यांनी एचआयव्हीच्या रुग्णांसाठी जी संस्था काढली तिला वडिलांचं, वाय. आर. गायतोंडे यांचं, नाव दिलं. त्या काळी या रुग्णांना हात लावायलाही डॉक्टर कचरत असत, हे लक्षात ठेवून या गोष्टीकडे बघा.

मी एम.डी.चं शिक्षण घेत होतो तो काळ १९९० च्या दशकाचा मध्य. मेडिसिनच्या वॉर्डात हे रुग्ण असायचेच. अनेकदा संडासाजवळच्या कोपऱ्यातली खाट त्यांना मिळे. ती सोय म्हणून असे की सोवळं म्हणून, हे कोणी बोलून दाखवत नसे. त्यांच्या पिशवीत जुन्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा असायचा आणि त्या वाचल्या की एकच कहाणी निघायची. गावच्या डॉक्टरने 'जुनी आव' म्हणून मेट्रोनिडॅझोल दिलेलं, तालुक्याच्या डॉक्टरने तेच वेगळ्या कंपनीचं दिलेलं, वैद्यांनी संग्रहणी म्हणून ताकावर ठेवलेलं. त्या सगळ्यांना दोष देण्यात अर्थ नाही. संग्रहणी हा शब्द आपल्याकडे शतकानुशतकं आहे, आणि खाल्लेलं अंगी न लागता निघून जाणं हे त्याचं वर्णन या रुग्णांना तंतोतंत लागू पडत होतं. फक्त त्यामागचं कारण आता नवं होतं. रक्ताची तपासणी व्हायची ती सगळ्यात शेवटी, वजन पंधरा-वीस किलो उतरल्यावर.

एक गुलाबी-लाल ठिपका

या जुलाबात जंतू कोणते सापडायचे? काही ओळखीचे, काही अगदी अनोळखी. अनोळखींमधला सर्वांत त्रासदायक म्हणजे क्रिप्टोस्पोरिडियम. नाव लांबलचक आहे, पण लक्षात ठेवण्याजोगं आहे.

अमेरिकेतल्या अर्नेस्ट टायझर यांनी हा जीव १९०७ मध्ये उंदराच्या पोटात पाहिला. पुढे कित्येक दशकं त्याच्याकडे कोणी फारसं लक्ष दिलं नाही. वासरांना हगवण लावणारा जीव म्हणून तो पशुवैद्यांना माहीत झाला, माणसात पहिल्यांदा आढळला तो १९७६ मध्ये. आणि १९८२ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेतून बातमी आली की एड्स झालेल्या २१ पुरुषांना याच जंतूमुळे जीवघेणे जुलाब झाले आहेत. धडधाकट माणसाला हा जंतू आठ-पंधरा दिवस त्रास देतो आणि आपोआप जातो. प्रतिकारशक्ती खचलेल्या माणसात तो मुक्कामच ठोकतो. दिवसाला कित्येक लिटर पाणी अंगातून निघून जाऊ शकतं.

तो दिसतो कसा, हीदेखील एक गंमत आहे. शौचाच्या नेहमीच्या तपासणीत तो जवळजवळ दिसतच नाही. क्षयरोगाच्या जंतूला ज्या पद्धतीने लाल रंगवतात, त्याच पद्धतीत थोडा बदल करून काच रंगवली, की निळ्या-हिरव्या पार्श्वभूमीवर हे गुलाबी-लाल गोल ठिपके उठून दिसतात. म्हणजे तपासणी स्वस्त आहे, साधी आहे, पण ती सांगून करून घ्यावी लागते. डॉक्टरने चिठ्ठीवर लिहिलं नाही तर प्रयोगशाळा ती आपणहून करेलच असं नाही. तीस वर्षांपूर्वी हे खरं होतं आणि आजही आहे.

या जंतूने जगाला खरा दणका दिला तो १९९३ च्या एप्रिलमध्ये. अमेरिकेतलं मिलवॉकी शहर, मिशिगन सरोवराचं पाणी, व्यवस्थित गाळणी, व्यवस्थित क्लोरीन. तरीही शहरातली औषधाची दुकानं जुलाबाच्या गोळ्यांनी रिकामी व्हायला लागली. जलशुद्धीकरणाच्या एका केंद्रात गाळणी कमी पडली होती आणि क्रिप्टोस्पोरिडियम नळातून घराघरांत पोहोचला होता. नंतरच्या अंदाजानुसार सुमारे ४ लाख ३ हजार माणसं आजारी पडली. बहुतेक सगळी बरी झाली. जी गेली त्यांत एड्सच्या रुग्णांचा भरणा सर्वांत मोठा होता. क्लोरीनने हा जंतू मरत नाही, हे त्या शहराने फार महागात शिकून घेतलं. खळखळून उकळलेल्या पाण्यात मात्र तो तगत नाही. तुम्हाला आम्ही पाणी उकळून प्या म्हणून सांगतो आणि तुम्ही "डॉक्टर, आम्ही पाण्यात थेंब टाकतो की" म्हणता, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे मिलवॉकी येतं. थेंबांनी कॉलरा, टायफॉइडचे जंतू मरतात, हा नाही.

सगळेच जंतू असे हट्टी नसतात. आयसोस्पोरा नावाचा याचाच एक चुलतभाऊ आहे, आपल्या देशातल्या एचआयव्ही रुग्णांत तो चांगल्यापैकी आढळतो. हैतीत पाप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये दाखवून दिलं की हा जंतू कोट्रायमोक्साझोलने, म्हणजे सेप्ट्रान या नावाने आपल्या आजीलाही माहीत असलेल्या जुन्या गोळीने, जातो. अडचण एवढीच की गोळी थांबवली की पुष्कळांत तो परत येतो. म्हणून कमी मात्रेत ती चालू ठेवावी लागते. पुढे १९९९ मध्ये पश्चिम आफ्रिकेतल्या अबिजान शहरातल्या अभ्यासांनी दाखवलं की एचआयव्हीच्या रुग्णांना ही साधी गोळी रोज दिली तर अनेक संसर्ग टळतात. एआरटी केंद्रात सीडी४ कमी असताना तुम्हाला जी मोठी पांढरी गोळी रोज घ्यायला सांगतात, ती हीच. "ही कशाला, ही तर साधी जुलाबाची गोळी" असं म्हणून ती बाजूला ठेवू नका.

जंतूच सापडत नाही तेव्हा

आता या गोष्टीतला कोड्याचा भाग. न्यूयॉर्कच्या डॉ. डोनाल्ड कोटलर यांनी एड्सच्या रुग्णांच्या आतड्याचे तुकडे दुर्बिणीतून काढून तपासले आणि १९८४ मध्ये आपले निष्कर्ष छापले. अनेकांत जंतू एकही नाही, पण आतडं आजारी. आतल्या अस्तरावर मखमलीच्या लवीसारखे जे बारीक उंचवटे असतात, ज्यांतून अन्न शोषलं जातं, ते खुरटलेले. खाल्लेली चरबी शोषली न जाता तशीच बाहेर. विषाणू तर रक्तातल्या पेशींचा शत्रू, मग अस्तराची ही दशा कोणी केली?

याच कोटलर यांनी पुढे १९८९ मध्ये आणखी एक गोष्ट मांडली. खंगून मरणाऱ्या रुग्णांचं वजन मृत्यूच्या सुमारास आदर्श वजनाच्या दोन-तृतीयांशाच्या आसपास येऊन ठेपतं. उपासमारीने मरणाऱ्या माणसाचंही जवळपास असंच होतं. म्हणजे जंतू कुठलाही असो, शेवट भुकेचा होता. ताटात अन्न असताना.

अर्थात खंगण्याचं सगळं खापर आतड्यावर फोडूनही चालत नाही. अबिजानमध्ये सेबास्टियन लुकास या पॅथॉलॉजिस्टने शवविच्छेदनं केली आणि १९९४ मध्ये दाखवलं की 'स्लिम' म्हणून गेलेल्यांपैकी पुष्कळांच्या शरीरात क्षयरोग पसरलेला होता. जिवंतपणी तो ओळखला गेला नव्हता. आपल्या देशात हा धडा दुप्पट लागू आहे. एचआयव्ही, जुलाब, संध्याकाळचा ताप आणि उतरतं वजन असं एकत्र दिसलं, की आतड्याचा क्षयरोग माझ्या मनात सगळ्यात आधी येतो. तो पूर्ण बरा होणारा आहे, म्हणून तो शोधण्यात जीव ओतायचा.

कोटलर यांच्या कोड्याचं उत्तर माकडांनी दिलं. माकडांत एचआयव्हीचा भाऊबंद असलेला एक विषाणू असतो. १९९८ मध्ये रोनाल्ड व्हीझी आणि सहकाऱ्यांनी तो माकडांना टोचून आतडी तपासली. संसर्गानंतर काही आठवड्यांतच आतड्यातल्या सीडी४ पेशी जवळपास नाहीशा झाल्या होत्या. रक्तात मात्र तेव्हा फारसं काही बिघडलेलं दिसत नव्हतं. माणसातही असंच होतं का? २००३-०४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सत्या दांडेकर यांच्या गटाने आणि अमेरिकेतल्या आणखी दोन गटांनी नुकताच संसर्ग झालेल्या रुग्णांची आतडी तपासली. उत्तर होकारार्थी आलं.

हे असं का, ते समजून घ्या, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. आतडं ही नुसती नळी नाही. बाहेरचं जग आणि आपलं रक्त यांच्यामध्ये तिथे पेशींचा जेमतेम एक थर असतो. पलीकडे अब्जावधी जंतू, अलीकडे आपण. म्हणून शरीराने आपली सर्वांत मोठी पोलीस चौकी तिथेच बसवली आहे. शरीरातल्या लिम्फोसाइट पेशींपैकी साधारण दोनच टक्के रक्तात फिरत असतात, आणि बाकीच्यांचा मोठा हिस्सा आतड्याच्या भिंतीत ठाण मांडून असतो. त्यांत जाग्या, कामाला लागलेल्या सीडी४ पेशी भरपूर. एचआयव्हीला शिरायला नेमक्या याच पेशी आवडतात. त्यामुळे विषाणू शरीरात लैंगिक संबंधातून येवो की सुईतून, पहिला मोठा कत्तलखाना आतड्यातच उघडतो. रक्ताचा रिपोर्ट म्हणजे रस्त्यावर दिसणारे दोन शिपाई मोजणं झालं. चौकी कधीच रिकामी झालेली असते.

चौकी रिकामी झाल्यावर भिंतही कमकुवत होते. २००६ मध्ये जेसन ब्रेंचली, डॅनियल ड्यूएक आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की एचआयव्हीच्या रुग्णांच्या रक्तात आतड्यातल्या जंतूंचे तुकडे झिरपत असतात. त्या झिरपण्याने उरलेली प्रतिकारशक्ती सतत चवताळलेली राहते, आणि चवताळलेल्या पेशी म्हणजे विषाणूला आणखी खाद्य. पोट बिघडल्याने आजार वाढतो आणि आजार वाढल्याने पोट बिघडतं, असं हे चक्र आहे.

औषधं आली, आणि वेगळे जुलाब आले

१९९६ च्या सुमारास तीन औषधं एकत्र द्यायची पद्धत सुरू झाली आणि एक विलक्षण गोष्ट घडली. क्रिप्टोस्पोरिडियमवर धड औषध तेव्हाही नव्हतं, या रुग्णांसाठी खात्रीचं असं आजही नाही. पण ऑस्ट्रेलियातल्या अँड्र्यू कार आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये लिहिलं की नुसतं एचआयव्हीचं उपचार-मिश्रण सुरू केल्यावर, सीडी४ वर येताच, हे जुलाब थांबले. जंतूला एक गोळीही न मारता. औषधं निकामी ठरली त्यांच्यात आजार परतला. चौकी पुन्हा भरली तर चोर पळतात, एवढा तो साधा हिशोब.

दुर्दैवाने त्या काळातली काही औषधंच जुलाब लावणारी होती. १९९७ मध्ये आलेलं नेल्फिनाविर याबाबत कुप्रसिद्ध होतं. नंतरच्या लोपिनाविर-रिटोनाविरचंही तेच, आणि ते आपल्याकडे दुसऱ्या फळीत वर्षानुवर्षं वापरलं गेलं. एसटीच्या लांबच्या प्रवासाआधी गोळी टाळणारे, लग्नकार्य आलं की दोन दिवस सुट्टी घेणारे कितीतरी रुग्ण मी पाहिलेत. त्यांना बेजबाबदार म्हणणं सोपं आहे. ज्याला शेतावर किंवा कारखान्यात संडास कुठे सापडेल याची रोज चिंता आहे, त्याची अडचण ऐकून घ्यायला फार कमी लोक बसत. अशा औषधाने होणाऱ्या जुलाबांसाठी २०१२ च्या अखेरीस अमेरिकेत क्रोफेलेमर नावाचं औषध मंजूर झालं. ते ॲमेझॉनच्या जंगलातल्या एका झाडाच्या लालभडक चिकापासून काढतात, आणि तिथले आदिवासी तो चीक पिढ्यान्‌पिढ्या जुलाबावर वापरत आले आहेत. मला स्वतःला ते लिहून द्यायची वेळ आलेली नाही.

आपल्या देशासाठी महत्त्वाच्या तारखा वेगळ्या आहेत. फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीने तीन औषधांचा वर्षाचा उपचार ३५० डॉलरमध्ये, म्हणजे दिवसाला एक डॉलरहून कमी खर्चात, देण्याची तयारी दाखवली. तोवर श्रीमंत देशांत हाच खर्च वर्षाला दहा हजार डॉलरच्या घरात होता. १ एप्रिल २००४ पासून सरकारने सहा राज्यांत मोफत एआरटी सुरू केली. महाराष्ट्र त्यांत होता. आणि २०१७ पासून सीडी४ कितीही असो, निदान झालं की लगेच उपचार, हे धोरण आलं. आतड्याच्या बाजूने बघाल तर हा शेवटचा निर्णय सर्वांत मोलाचा, कारण दांडेकरांच्या गटाने आणखी एक गोष्ट दाखवली होती: उपचारांनंतर रक्तातल्या सीडी४ पेशी भरून येतात त्या मानाने आतड्यातल्या फार हळू आणि अर्धवट भरतात. उशीर जितका कमी, तितकं वाचतं जास्त.

आता तुमच्यापुरतं

जुलाब महिनाभर थांबत नसतील, वजन उतरत असेल आणि कारण सापडत नसेल, तर एचआयव्हीची तपासणी करून घ्या. तुम्ही 'तसल्यातले' नाही, हे मला पटवायची गरज नाही. विषाणू चारित्र्याचा दाखला मागत नाही. सरकारी आयसीटीसी केंद्रात तपासणी मोफत होते, निकाल गुप्त राहतो. १०९७ हा सरकारी हेल्पलाइनचा क्रमांक आहे.

तुम्ही आधीच एआरटीवर असाल आणि जुलाब लागले, तर पहिली गोष्ट: गोळ्या आपल्या मनाने थांबवू नका. आजच्या डोल्युटेग्राविर असलेल्या गोळीने पोट फारसं बिघडत नाही, बिघडलं तरी बहुधा सुरुवातीचे काही आठवडे. पण दोन गोष्टी ध्यानात ठेवा. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेत असाल तर या गोळीमुळे त्याचं रक्तातलं प्रमाण वाढतं, आणि मेटफॉर्मिन जास्त झालं की जुलाब होतातच. अशा वेळी मात्रा कमी करावी लागते, म्हणून दोन्ही डॉक्टरांना दोन्ही औषधं सांगा. दुसरं, ॲसिडिटीची पातळ औषधं, झिंक, लोह, कॅल्शियम यांच्याबरोबर ही गोळी नीट शोषली जात नाही. गोळी त्यांच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यावी. लोह आणि कॅल्शियम जेवणासोबत असतील तर एकत्र चालतात.

शौचात रक्त, अंगात ताप, लघवी कमी, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, यांतलं काहीही असेल तर जुलाब बंद करणारी गोळी दुकानातून आणून घेऊ नका, डॉक्टरकडे जा. त्यांना एचआयव्ही आहे हे सांगा. न सांगितल्यामुळे शौचाची साधी तपासणी होते, 'नॉर्मल' येते आणि महिना वाया जातो. सांगितलंत तर ते क्षयरोगाच्या पद्धतीच्या त्या खास रंगाची तपासणी लिहितील, तीही वेगवेगळ्या दिवशीच्या तीन नमुन्यांची, कारण हे जंतू रोज दिसतातच असं नाही. तुमची माहिती फोडायचा अधिकार कोणाला नाही, त्यासाठी २०१७ चा कायदा आहे.

खाण्यापिण्याबद्दल लोक सर्वांत जास्त विचारतात आणि माझं उत्तर त्यांना सर्वांत फिकं वाटतं. जलसंजीवनी थोडी थोडी, दिवसभर. मऊ भात, पेज, मुगाचं वरण, केळं, उकडलेला बटाटा, अंडं चालत असेल तर नीट शिजवलेलं. दूध काही दिवस बंद, कारण आजारी अस्तराला ते पचत नाही. घरचं ताजं दही-ताक बहुतेकांना चालतं. सीडी४ खूप कमी असताना कच्ची कोशिंबीर, बाहेरची चटणी आणि बर्फ नको. प्रोबायोटिकच्या महागड्या कॅप्सूलवर पैसे घालण्याइतका पुरावा मला अजून दिसलेला नाही, आणि प्रतिकारशक्ती अगदीच कमी असेल तर त्या डॉक्टरला विचारल्याशिवाय घेऊच नयेत. उपास करून पोटाला 'विश्रांती' देण्याची पद्धत मात्र सोडा. कोटलर यांचा तो दोन-तृतीयांशाचा आकडा आठवा.

आणि घरात वजनकाटा ठेवा. महिन्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी, सकाळी उपाशीपोटी वजन करून एआरटीच्या पुस्तिकेच्या मागच्या पानावर लिहा. पुढच्या वेळी याल तेव्हा ते पान मला आधी दाखवा.